नाही लागलं

बाजारात पुन्हा बैलांचे साज टांगले गेले आहेत. झुली, घुंगरमाळा, कवड्यांचे पट्टे, शिंगांचं बेगड, रंगांचे लहान लहान डबे. पांढुर्ण्याचा पोळ्याचा बाजार दुरून वासावरूनच ओळखता येतो. ओल्या दोरखंडांचा वास, तेलरंगाचा वास आणि या सगळ्यांच्या खालून येणारा चिखलाचा. या वासानं मन भरून यावं अशी अपेक्षा असते. माझं मन भरून येत नाही, माझं डोकं फिरतं.

कारण परवा याच बाजारात, सुतारानं मांडलेल्या लाकडी नंद्यांच्या शेजारी, एका खेळण्यांच्या दुकानात मला त्या बंदुका दिसल्या. पिवळ्या, लाल, निळ्या. पुठ्ठ्याच्या खोक्यावर एका गोऱ्यागोमट्या मुलाचं हसणारं चित्र, आणि खाली ठळक हिंदीत: बच्चों के लिए बिल्कुल सुरक्षित.

"हे कोणी ठरवलं?" मी दुकानदाराला विचारलं.

"काय ताई?"

"सुरक्षित आहे म्हणून."

तो हसला. "कंपनी पाहूनच घेते न. चेक करूनच पाठवतात माल."

चेक करूनच पाठवतात, हे खरं आहे. कुठं चेक केला, कोणावर चेक केला, तेही मला माहीत आहे. आमच्या वस्तीत केला. काही वर्षांपूर्वी, अशाच एका पोळ्याच्या तोंडावर. त्या पारखीत नऊ वर्षांच्या वंदीचा डावा डोळा पणाला लागला. तो डोळा कोणी पणाला लावला याचं उत्तर शोधताना मी पहिल्यांदा कंपनीवर संतापले, मग गावावर, मग स्वतःच्या बापावर. त्यातला कुठलाच संताप अजून उतरलेला नाही.

मी पत्रकांवर वाढले, अगदी शब्दशः. बाबा गावातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पत्रकं. शाई फासलेली, तिरकी छापली गेलेली पत्रकं रद्दी म्हणून घरी यायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, आणि बाराखडी येऊ लागली तशी कागद उलटा करून छापील बाजू वाचू लागले. जागे व्हा! मजुरी वाढलीच पाहिजे! अंगारेधुपारे सोडा, मुलांना शाळेत घाला! ट्रंकेच्या तळाशी, भाकरीच्या टोपल्यात, खिडकीच्या फुटक्या काचेवर, आमच्या घरात जिकडे पाहावं तिकडे उद्गारचिन्हं होती. इतर मुलींना ओव्या पाठ असतील, मला मागण्या पाठ होत्या.

त्या वर्षी मी कॉलेज करून संध्याकाळी विहारात मुलांचा वर्ग घ्यायचे. श्रावण लागला होता. वस्तीमागच्या वावरात कपाशीच्या पऱ्हाटीला पात्या धरल्या होत्या. संत्र्याच्या बागांत लिंबाएवढ्या हिरव्या फळांचा सडा पडायचा आणि पोरं ती फळं खिशात भरून वर्गात आणायची. आल्याबरोबर भिंतीपाशी फळांचा ढीग लावायचा आणि मगच पाटी काढायची, असा माझा नियम होता. सगळ्या वर्गाला तो कडू वास यायचा. वंदी पहिल्या रांगेत बसायची. तिची आई सुलोचनाबाई हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये जायची, पावसाळ्यात निंदायला. बाप नव्हता. वंदीला गप्प बसणं माहीत नव्हतं. मी फळ्यावर चूक केली की आधी तिचा हात वर.

अशाच एका संध्याकाळी विहारासमोर जीप थांबली. पांढरा सफारी घातलेला एक माणूस उतरला. सौंसरजवळ नवीन शेड उभ्या राहिल्या होत्या, त्यांतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्याचा तो मॅनेजर. मूळचा कुठला कोण जाणे. मराठी बोलता बोलता हिंदीत जायचा, हिंदीतून परत मराठीत यायचा. त्यानं जीपमधून गोणपाटाची दोन ओझी उतरवून घेतली आणि बंदुका बाहेर काढल्या. एक लहान पिस्तूल, एक लांब नळीची, एक दांडा ओढून स्प्रिंग भरायची. आमच्या गावानं तोवर टिकल्यांची पत्र्याची बंदूक पाहिली होती, बांबूच्या नळीतून निंबोळ्या उडवल्या होत्या. हे काही वेगळंच होतं. गोळी म्हणजे बोटाएवढी फोमची कांडी, पुढच्या टोकाला काळ्या प्लास्टिकची छोटी टोपी डिंकानं चिकटवलेली.

"फोम आहे मॅडम. चपलेचा तळ असतो न, तसाच, पण त्याहून नरम," तो म्हणाला, आणि स्वतःच्या तळहातावर नळी टेकवून त्यानं चाप ओढला. फट्! पोरं खो खो हसली. "देखा? लागतच नाही. तुमच्या पोरांना खेळू द्या पोळ्यापर्यंत. मी मधूनमधून येईन. मला तीनच गोष्टी सांगायच्या. आवडलं का, तुटलं का, लागलं का. बस."

मला आनंद झाला होता. आमच्या मुलांना आजवर कोणी काही दिलं असेल तर जुने कपडे दिले होते, किंवा उपदेश. हा माणूस त्यांचं मत मागत होता. मी मुलांना उभं करून सांगितलं, "हे खेळणं देशभर विकायला जाणार आहे. त्यापूर्वी ते तुम्हाला विचारून राहिले. नीट पाहा आणि खरं सांगा." वंदीनं लगेच गोळी नाकाशी नेली. "ताई, हे त चपलेवानीच वास मारते. कोनाच्या चपला कापल्या यायनं?" मॅनेजरसुद्धा हसला. जीप वळायच्या आत पोरांनी त्याचं नाव स्पंजसाहेब ठेवलं होतं.

मग वस्तीत नुसता फटफटाट. चुलीपाशी बसलेल्या बायांच्या पाठीवर गोळ्या, बकरीच्या पोटावर गोळ्या, विहाराच्या पायरीवर डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या टोपीवर गोळ्या.

"अबे, सिधी धर न!"

"तुह्या बापानं धरली होती का कधी बंदूक?"

"माह्या बापानं गोटे धरले. त्याले बंदूक कायले लागते?"

हे शेवटचं वाक्य बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्यासाठी गोटमार सांगावी लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात लहान मुलं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा साजरा करतात, आणि मोठी माणसं नदीवर जातात. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याला झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. दोन्ही काठांवर आधीपासून गोट्यांचे ढीग लावलेले असतात. दिवसभर एका काठानं दुसऱ्या काठाला गोटे मारायचे, आणि मधे घुसून झेंडा तोडायचा. हे फार जुनं आहे, असं सगळे सांगतात. एका गावच्या पोरानं दुसऱ्या गावची पोरगी पळवली आणि दोन्ही बाजूंच्या माराखाली दोघंही नदीतच मेली, अशी गोष्ट सांगतात. त्या मुलीचं नाव विचारलं तर कोणालाच माहीत नसतं.

आणि याला गाव 'खेळ' म्हणतं. गोटे मारणारा तो खेळाडू. कपाळ फुटलं की देवळातला अंगारा लावायचा, फडकं आवळायचं आणि पुन्हा पात्रात उतरायचं. काठावरून बाया ओरडून विचारतात, "लागलं का रे?" आणि खालून, रक्त पुसत, एकच उत्तर येतं, "नाई लागलं!" या उत्तरावर माणसाची किंमत ठरते. ज्यानं 'लागलं' म्हटलं तो हरला. नुसता तोच नाही, त्याचा काठच हरला. आमच्या गावची पोरं चालायला शिकतात तेव्हाच हे शिकतात. उंबऱ्यावर आपटलेलं दोन वर्षांचं लेकरू रडायला तोंड उघडतं, तेवढ्यात आजूबाजूचे चारजण ओरडतात, "नाई लागलं, नाई लागलं! उठ!" आणि ते उठतं. हुंदका गिळायची ही पहिली शाळा. तिची फी नाही, सुटी नाही.

माझ्या बाबांच्या डाव्या भुवईवर एक पांढरी खूण आहे. तरुणपणी पात्रात उतरले होते तेव्हाची. बाबांनी देव सोडले, उपास सोडले, अंगारे सोडले, पण नदी सोडली नाही. अंगारेधुपारे सोडा म्हणून ज्या हातांनी खिळे जुळवले, ते हात त्या दिवशी पाठीमागे बांधून बाबा काठावर जाऊन उभे राहतात. "मी फक्त पाहाले जातो," असं म्हणतात. परतल्यावर कोणी कसा झेंडा गाठला ते आईला रंगवून सांगतात आणि सांगता सांगता बोट नकळत भुवईवर जातं.

अशा गावात स्पंजसाहेब विचारत होता, लागलं का!

पोळा जवळ आला तशी वस्तीतल्या पोरांनी नालीच्या दोन्ही कडेला दोन गावं वसवली. मधे बेशरमाच्या झुडपाची फांदी रोवली, तिला रिबीन बांधली. गोट्यांच्या जागी बंदुका होत्या. मी पाहत होते, आणि मला बरंच वाटत होतं. मनात म्हणायचे, बघा, आमची पोरं मोठ्यांपेक्षा शहाणी आहेत. त्यांनी गोट्याचा स्पंज केला.

पण पाऊस थांबत नव्हता. गोळ्या नालीत पडायच्या, भिजायच्या, फुगायच्या. भिजलेल्या फोमवर डिंक धरेना. काळ्या टोप्या सुटून गेल्या आणि गोळीच्या तोंडाशी नुसतं भोक उरलं. टोपी गेलेली गोळी हलकी होते, हवेत भरकटते. पोरांना ती वजनदार पाहिजे होती. मग त्या भोकात कोणीतरी बोराच्या बीएवढा खडा दाबून बसवला. गोळी सरळ गेली, लांब गेली. कोणाचं डोकं चाललं, हे नंतर मी किती विचारलं तरी कळलं नाही. आमच्या गावात ही गोष्ट कोणी सुचवावी लागत नाही.

वंदी सावरगावकडून खेळत होती. डोकं खाली घालून ती नालीत उतरली आणि फांदीपाशी पोचली. तिनं मान वर केली त्याच क्षणी गोळी आली. पोरांनी मला नंतर सांगितलं, ती मटकन खाली बसली, एक हात डोळ्यावर, दुसऱ्या हातात फांदी. सगळे थांबले. "लागलं का वं?" कोणीतरी विचारलं. वंदी उठली, रिबीन तोडली, वर धरली आणि ओरडली, "नाई लागलं!" तिचा काठ नाचला.

घरी तिनं आईला सांगितलं, डोळ्यात चिलट गेलं.

त्या आठवड्यात स्पंजसाहेब आला. मुलं विहारात रांगेत बसली. त्यानं टाळी वाजवली. "आवडलं का?" "आवडलं!" "तुटलं का?" "नाही तुटलं!" "लागलं का?" आणि अख्खी रांग, जणू समोर नदी आहे अशी, एका आवाजात ओरडली, "नाही लागलं!" वंदीचा आवाज सगळ्यांत मोठा. तिचा डोळा लाल होऊन सुजला होता. स्पंजसाहेबानं तो पाहिला. मी त्याला पाहताना पाहिलं.

"इसको क्या हुआ?"

"डोळे आले असतीन साहेब," दाराशी उभी असलेली सुलोचनाबाई म्हणाली. "पावसाचे दिवस आहेत. साथ आहे न गावात."

खरंच साथ होती. निम्म्या वर्गाचे डोळे आलेले होते, मलाही तसंच वाटलं. तो "अच्छा, अच्छा" म्हणाला, दोन पावलं मागे सरकला, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बंदुका गोण्यांत भरून घेऊन गेला. पोरं जीपमागे वळणापर्यंत धावली. त्यांना वाटलं होतं, इतकं चांगलं सांगितल्यावर निदान एक तरी ठेवून जाईल.

सणासाठी सुलोचनाबाई लेकीला घेऊन तिगावला भावाकडे गेली. तिथं कोणी जाणत्या बाईनं डोळ्यात मध घातला, कोणी गुलाबपाणी घातलं. सूज उतरली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं. वंदी परत वर्गात आली, पहिल्या रांगेत बसली. मी नेहमीसारखा तिच्याकडे खडू फेकला. फळ्यावर उत्तर लिहायला मी तो असाच फेकायचे आणि ती हवेत झेलायची. तिनं हात भलतीकडेच नेला. खडू तिच्या खांद्यावर आपटून खाली पडला. पोरं हसली. वंदीही हसली, आणि खाली वाकून जमीन चाचपू लागली. खडू तिच्या डाव्या गुडघ्याशी पडलेला होता आणि तिचे हात सगळीकडे फिरत होते, फक्त तिथं नाही.

वर्ग सोडून मी तिला पायरीवर घेऊन बसले.

"वंदी, या डोळ्यानं दिसते का?"

"दिसते न."

"खरं?"

"थोडंसं काळं काळं दिसते. पडद्यावानी. होईन बरं."

"काय झालं होतं?"

ती पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडू लागली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमी साहेबाले सांगसान काय?" बंदुका गेल्या होत्या, सण संपला होता, तरी तिला हीच भीती होती की आपण 'लागलं' म्हटल्याचं कोणाला कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो, ती, सुलोचनाबाई आणि मी. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं बराच वेळ तपासलं. डोळ्याला जबर मार बसला आहे, आतला पडदा सुटला आहे, म्हणाला. ऑपरेशन करून पाहू, म्हणाला. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, हेही म्हणाला. सुलोचनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मार कशाचा वो? चिलट गेलतं न?" तेव्हा वंदीला सांगावं लागलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "पन तवा दुखलं नाई एवढं."

तिला वॉर्डात ठेवून मी एकटी बसनं सौंसरला गेले. संत्र्यांच्या बागांमधून बस जात होती. खिडकीतून ओला, गार वारा येत होता. मी पूर्ण रस्ताभर मनात पत्रक लिहीत होते.

कारखान्याच्या शेडमध्ये बाया जमिनीवर बसून गोळ्यांना टोप्या चिकटवत होत्या. त्यांच्यात माझ्या ओळखीच्या गावांतल्याही होत्या. डिंकाचा उग्र दर्प होता. स्पंजसाहेबानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी उभी राहूनच सगळं सांगितलं. टोपी सुटते. भोकात खडा जातो. मुलीचा डोळा जायच्या बेतात आहे. माल थांबवा.

त्यानं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं होतं, खोटं नसेलही. मग म्हणाला, "मॅडम, एक बात बताइए. मैंने पूछा था कि नहीं?"

"विचारलं होतं," मी म्हणाले.

"तुमच्या समोर विचारलं. लागलं का? सगळी पोरं काय बोलली? ती पोरगी काय बोलली? मी माझ्या मनानं लिहिलं नाही. आणि खडा कंपनीनं नाही घातला. कोणी स्पंजच्या बंदुकीत दगड घालते का?"

"पांढुर्ण्यात घालतात," मी म्हणाले.

"ते तुमच्या गावचं झालं," तो म्हणाला, आणि मग समजावणीच्या सुरात, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं, "तरीच तर तुमच्या वस्तीत आलो होतो. नागपूरच्या शाळेत दिल्या तर पोराला खरचटलं तरी आईबाप भांडायला येतात. तुमची पोरं कणखर. यहाँ टिका, तो सब जगह टिकेगा."

त्या क्षणी मला उमगलं. आमच्या पोरांचं मत कोणी मागितलं नव्हतं. आमची पोरं म्हणजे त्याच्यासाठी खडबडीत फरशी होती. माल तिच्यावर आपटून पाहायचा. आणि फरशीनं 'नाही लागलं' म्हटलं की काम झालं. तो पोराबाळांच्या खेळण्यांचा धंदा करत होता आणि आईबाप भांडायला येत नाहीत अशी पोरं हुडकत हिंडत होता. मी त्याला हे सगळं तोंडावर सांगितलं, माझ्या आवाजानं टोप्या चिकटवणाऱ्या बायांचे हात थांबले. तो म्हणाला, सणाचा माल निघून गेला आहे, आता काही करता येत नाही. निघताना त्यानं एक नवी कोरी पिवळी बंदूक माझ्यापुढं केली. "बच्ची को दे दीजिए." मी ती टेबलावरून खाली लोटली. तुटली नाही. तेवढं त्याचं खरं होतं.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. अर्ध्यात कंपनी होती, अर्ध्यात गाव. कंपनीनं आमच्या मुलांना कसं वापरलं, ते वरच्या अर्ध्यात. खालच्या अर्ध्यात लिहिलं की या माणसाचं काम सोपं कोणी केलं? आम्ही केलं. जे गाव आपल्या लेकरांना 'लागलं' म्हणू देत नाही, त्या गावाची लेकरं कोणीही फुकटात फोडून जावं. नदीवरचा खेळ बंद करा. निदान त्याला खेळ म्हणणं बंद करा.

बाबांनी कागद हातात घेतला. वरचा भाग वाचताना त्यांचे डोळे चमकले. "जबरदस्त," म्हणाले. खाली आले आणि थांबले.

"हे कायले?"

"खरं आहे म्हणून."

"कंपनीवर लिही. नदीवर नको लिहू. लोक भडकतीन. आपल्या वस्तीतले सुद्धा."

"बाबा, तुम्हीच छापलं न, अंगारेधुपारे सोडा म्हणून?"

"ते येगळं, हे येगळं."

"काय वेगळं?"

बाबा भुवई चोळत राहिले. मग बापासारखे नाही, नदीच्या काठासारखे बोलले. "माह्यानं हे जुळवणं नाई होत. तुले छापायचं असन त दुसरीकडे जाय."

दुसरीकडे कुठं जाणार होते मी? पत्रक वरचं अर्धंच छापून आलं. खाली कोरी जागा. बाबांनी तिथं पानाच्या रुंदीची एक रेघ तरी घालायची, तीही घातली नव्हती. मी ते बाजारात वाटलं, शाळांत वाटलं, बस स्टँडवर वाटलं. लोकांनी वाचलं, हळहळले, आणि कोऱ्या भागावर हिशोब केले. त्या पत्रकाचा खालचा अर्धा भाग आज इथं लिहून राहिले. आता मला कोणाच्या खिळ्यांची गरज नाही.

बाबांशी मी अजूनही बोलते. जेवायला वाढते, त्यांच्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणते. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाठीमागे हात बांधून निघाले की मी दाराशी उभी राहून मोठ्यानं विचारते, "कुठं चालले?" ते मागे न पाहता चालू लागतात. दरवर्षी विचारते. यंदाही विचारणार आहे.

हे झालं नंतरचं. ऑपरेशननंतर पट्टी काढायच्या दिवशी मी नागपूरला होते. पाऊस उघडला होता, खिडकीतून वॉर्डात लख्ख ऊन आलं होतं. वंदी खाटेवर मांडी घालून बसली होती, वेणी घट्ट घातलेली. शेजारच्या खाटांवरच्या बाया आणि त्यांच्यासोबत आलेल्या बाया, सगळ्या भोवती जमल्या होत्या. इतक्या दिवसांत ती सगळ्यांची लाडकी झाली होती, वॉर्डभर सगळ्यांना कोडी घालायची. डॉक्टरनं पट्टी सोडली, कापूस काढला. डाव्या हातानं तिचा चांगला डोळा झाकला.

"सांग बरं बाळ, किती बोटं?"

"दोन," वंदी म्हणाली. क्षणही लावला नाही.

सुलोचनाबाईनं दोन्ही हात तोंडावर नेले. "दिसते! माय वं, दिसते माह्या पोरीले!" बाया हसायला लागल्या. कोणी वंदीच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी बिस्किटाचा पुडा फोडला. डॉक्टर हसला नाही. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशातच होता. तो माझ्याकडे पाहत होता.

मी गप्प राहू शकले असते. सगळा वॉर्ड आनंदात होता.

"खोटं बोलून राहिली ती," मी म्हणाले. "डॉक्टरांनी खिशातून हात काढलाच नाही अजून."

"काऊन वं?" सुलोचनाबाई माझ्यावर फिरली. "तुले काय दुखून राहिलं? पोरगी सांगते न!"

"दिसते मले!" वंदी ओरडली. "दोनच आहेत. नाई त तीन असतीन."

डॉक्टरनं खिशातून हात काढला, पाची बोटं पसरली आणि अगदी तिच्या डोळ्यासमोर धरली. तिची मान थोडी इकडे वळली, थोडी तिकडे. हात कुठं आहे ते शोधत राहिली. वॉर्डातलं हसणं एकेक करून थांबलं.

"वंदी," मी म्हणाले, "इथं कोणी हरत नाही. सांग."

तिचा खालचा ओठ आत गेला.  मग म्हणाली, "नाई दिसत. काईच नाई दिसत," आणि रडू लागली. नऊ वर्षांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर यावं, असं रडली ती. सुलोचनाबाई खाटेच्या पायाशी बसली. आणि बाकीच्या बाया, चांगल्या मनाच्या बाया, चारी बाजूंनी धावल्या. "चूप, चूप माय. काई नाई झालं. शाणी हायेस न तू? चूप." एकीनं तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

मी तो हात धरून बाजूला केला. "कोणी चूप करू नका तिला," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, तो चढूच द्यायचा होता मला. "झालं आहे! तिचा डोळा गेला आहे! रडू द्या तिला!"

आवाजानं शेजारच्या वॉर्डातली माणसं येऊन दारात उभी राहिली. नर्स दार लोटून घ्यायला निघाली. मी तिला थांबवलं. म्हटलं, दार उघडं राहू द्या, बाई. ऐकू द्या सगळ्यांना.